कॅलेंडरातला मृग

काळजी करायला मला कधी कारण लागलं नाही. आई म्हणायची, ही पोर पाऊस नसताना छत्री धरते. पण त्या उन्हाळ्यात कारण आयतं चालून आलं, आणि तेही आमच्याच ऑफिसातून.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. हैदराबादेत गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, आणि कॉम्प्युटरनं काहीही होऊ शकतं यावर सगळ्यांचा विश्वास बसला होता. सिकंदराबादच्या आमच्या लहानशा कंपनीनं खेड्यांत कॉम्प्युटर बसवायचं काम घेतलं होतं. चावडीत एक कॉम्प्युटर, त्याला टेलिफोनची लाइन. कधी काय पेरावं, कीड पडली तर काय फवारावं, याचे संदेश आमच्याकडून जायचे आणि तिथला ऑपरेटर ते छापून भिंतीवर चिकटवायचा. संदेश तेलुगूत आणि मराठीत लिहिण्याचं काम माझं. कुठला संदेश कोणत्या दिवशी आपोआप सुटेल, ते प्रोग्रॅमर ठरवायचा.

नारायणखेडच्या बाजूला माझ्या मामांचं गाव. तिथं कॉम्प्युटर आला तो मामांच्या खटपटीनं. लोक त्याला डबा म्हणायचे आणि मामा घरोघर जाऊन सांगायचे, "माझी भाची पाठवते हैदराबादेतून, तिचं ऐका."

मी एका लग्नासाठी रजा घेतली होती. परत आले तर टेबलावर गेलेल्या संदेशांच्या प्रती पडलेल्या. वरचीच वाचली: मृग लागला. ओल असेल तर मूग, उडीद पेरून घ्या.

मे महिना अजून सरला नव्हता आणि मृग लागतो तो जूनच्या सात-आठ तारखेला. आम्हा काचीगुडा स्टेशनाजवळच्या लोकांना मृग शोधावा लागत नाही. मृग लागतो त्या दिवशी हैदराबादेत जिवंत माशाच्या तोंडातून दम्याचं औषध देतात; ते घ्यायला कुठकुठची माणसं रेल्वेनं येतात, स्टेशनाबाहेर पथाऱ्या पडतात, रात्रभर खोकला ऐकू येतो. आणि मी तर सकाळी त्याच फुटपाथवरून चालत आले होते. तिथं एक कुत्रं झोपलं होतं, बस.

प्रोग्रॅमर आमच्याच काचीगुड्याचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या वकिली. त्याला विचारलं तर म्हणाला, "हौ ताई, कॅलेंडरात बघूनच भरलं की. मृग म्हणून लिहिलेलंच आहे तिथं." आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातला मे महिन्याचा चौकोन बोटानं दाखवला. मी कपाळावर हात मारला. चौकोनातलं नक्षत्र चंद्राचं, ते रोज बदलतं आणि दर महिन्याला फिरून येतं. शेतकरी मृग म्हणतो तो सूर्याचा, वर्षातून एकदाच लागणारा. ज्याच्या घरात नक्षत्र फक्त सत्यनारायणाच्या संकल्पात ऐकू येतं, त्याला हे कोण सांगणार? साहेब म्हणाले, "टेन्शन नक्को लो मॅडम, दुसरा मेसेज डाल देते."

दुसरा मेसेज टाकला. तरी मी फोन घेऊन बसले आणि एकेका गावाला विचारू लागले. सगळीकडे हशा. "वाचलं मॅडम, हसलो, सोडून दिलं." एका ठिकाणी म्हणाले, डब्याला ऊन लागलं असेल. आयुष्यात कुणाच्या हसण्यानं मला इतकं बरं वाटलं नव्हतं. फक्त मामांच्या गावची लाइन लागेना. वळवाचा पाऊस झाला होता म्हणे तिकडे, तेव्हापासून तार तुटलेली.

वळीव झाला म्हणजे जमिनीत ओल होती. ओल होती, संदेश होता आणि मामा होते. माझं सगळं लक्ष त्या तीन गोष्टींभोवती फिरू लागलं. मामांना कळत नाही असं थोडंच होतं? मग भीती कसली? तरी दुसऱ्या दिवशी पहाटेच इमलीबनच्या बस स्टँडवर जाऊन बस धरली. वाटेत दिसणारं प्रत्येक रान बघत होते. सगळी नांगरून ठेवलेली, कोरडी, मोकळी. कुणीही पेरलेलं नव्हतं. जीव जरा भांड्यात पडला.

मामा घरी नव्हते, मी तशीच शेतावर गेले. मामा रानातच बसले होते. बांधावर उभी राहिले आणि काही विचारण्याची गरजच उरली नाही. वळवाच्या ओलीवर मूग बोटभर वर आला होता आणि उन्हानं करपून मान टाकून पडला होता. अख्ख्या शिवारात तेवढं एकच रान पेरलेलं.

"मामा, तुम्हाला मृग कळत नाही का हो?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कळतो की."

"मग?"

"गावाला ऐका ऐका म्हणून मीच सांगत फिरलो. आन् पहिलाच कागद आला तर मीच नाही ऐकायचं?"

मला रडू फुटलं. म्हटलं, आत्ता चावडीवर जाते आणि सांगते की चूक आमची आहे. मामा धोतराची माती झटकत म्हणाले, "काही नको सांगू, माय. मी पुन्हा पेरीन. पण डब्यासमोरून माणूस एकदा उठला की परत यायचा नाही. चल, चहा घे."

चहाला मामा मला चावडीवरच घेऊन गेले. तिथं आठ-दहा माणसं बसली होती. मला बघून एक म्हातारे उठले, बसायला जागा दिली. "तुमचा फोन आला होता म्हणे," ते म्हणाले, "लाइन जायच्या आधी. कागद चुकलाय, थांबा, म्हणून. तुमच्या मामांनी आम्हा सगळ्यांना थांबवलं आणि स्वतः मात्र पेरून मोकळे झाले! असा हट्टी माणूस."

मी कुठलाच फोन केला नव्हता. मामांकडे बघितलं. ते बशीतला चहा फुंकत होते, मान वर करायला तयार नव्हते.

"पुढच्या वेळी जरा रागवून सांगा तुमच्या मामांना," म्हातारे म्हणाले.

"सांगते," मी म्हटलं. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मामा हसले.