मालक नंबर

आमच्या शेतातल्या मोटरीला फोन नंबर आहे. भावजय नवी नवी पुण्याहून आली तेव्हा दादा तिला म्हणाले, "थांब बाळ, मोटरीला फोन लावतो," आणि ती बिचारी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. दादा म्हणजे माझे वडील. मग मी तिला समजावलं. विहिरीवरच्या स्टार्टरजवळ एक डबा असतो, त्यात सिमकार्ड. त्या नंबरला फोन लावला की डब्यातली बाई म्हणते, "मोटर बंद आहे. चालू करण्यासाठी एक दाबा." एक दाबला की तिकडे विहिरीत मोटर घरघरायला लागते. बाई म्हणजे भरून ठेवलेला आवाज. पण आमच्या घरात तिला बाईच म्हणायचे, आणि तिच्याबद्दल दादांचं नि आईचं कधी एकमत झालं नाही.

आमचं गाव घाटनांदूरजवळ. दादांनी लहानपणी बैलांची मोट चालताना पाहिली होती. मग डिझेलचं इंजिन आलं, ते हँडल मारून चालू करताना खांदा निखळायची पाळी यायची. त्यानंतर विजेची मोटर. मोठी मोट म्हणून मोटर, असं दादांना पार लग्न होईपर्यंत वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही हीच व्युत्पत्ती जास्त पटते.

मोटरीला नुसतं बोट लावायचं काम, पण ते बोट विहिरीपर्यंत न्यावं लागायचं. लाईट येण्याजाण्याचा नेम नाही. दादा जेवायला बसले की लाईट यायची, ते रानात पोचले की जायची. मग लोकांनी 'ऑटो' बसवले. लाईट आली की मोटर आपोआप चालू, पाणी हवं असो की नको. यावर तोडगा म्हणून बाजारातल्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्यानं आमच्या स्टार्टरमध्ये चक्क जुना फोन जोडला. त्या फोनची रिंग वाजली की मोटर सुरू. गावातली माणसं तो चमत्कार बघायला आमच्या विहिरीवर येऊन गेली, आणि दादा जणू आपणच शोध लावल्यासारखे सगळ्यांना समजावून सांगत होते.

त्या शोधात एकच खोट होती. फोन कोणाचा आहे, हे तो डबा विचारत नव्हता. एका दुपारी सिमकार्डवाल्यांचा नव्या ऑफरचा फोन त्या नंबरवर गेला. दादा सोयरिकीला गेलेले. मोटर तासन् तास चालली आणि घाटे धरलेला हरभरा पाण्यात बसला. "आमच्या हरभऱ्याला पाणी पायजे का न्हाई, हे त्या ऑफरवाल्यांनी ठरवायचं का?" असं दादा पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला विचारत होते. असं बऱ्याच ठिकाणी झालं असावं, कारण पुढे जे तयार डबे आले ते फक्त ओळखीच्या नंबरालाच दाद देत. त्यातल्या मुख्य नंबराला आमच्याकडचे वायरमन 'मालक नंबर' म्हणतात. आमच्या डब्याचा मालक नंबर अर्थातच दादांचा.

दादांना ते फार आवडलं. ते पारावर बसून, लग्नाच्या मांडवात, एकदा तर माझ्या सासरी पाहुण्यांच्या पंगतीत, फोन मोठ्या आवाजावर टाकून मोटर चालू करायचे. बाईचं बोलणं संपलं की तिला "बरं, बरं" म्हणायचे. आई चिडायची.

"तिला दिसातून चार डाव फोन लावतेत. मी म्हायेराला गेलते तर मला एक फोन न्हाई."

"तुला फोन लावून पाणी येतंय का?" दादा म्हणायचे.

आईकडे फोनच नव्हता, हेही खरं. घरात फोन एकच, दादांचा. आमच्याशी बोलून झालं, पीकपाणी सांगून झालं, की ते म्हणायचे, "घे, आई बोलतीय." मग आई उरलंसुरलं बोलायची.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर दादा गेले. दुखणं फार दिवसांचं नव्हतं. दिवस झाल्यावर भाऊ आईला म्हणाला, रान भावकीत बटईनं देऊ, निम्मा वाटा घरबसल्या येईल, तू पुण्याला चल. आई म्हणाली, "हरभरा कोन पेरायचा?" आणि तिनं पेरला. मोटर ती दादांच्या फोनवरून चालू करायची. तिला अक्षरं येत नाहीत, पण एक कुठे आहे ते येतं.

आम्हालाही ती त्याच फोनवरून फोन करायची. पहिल्यांदा माझ्या फोनवर 'दादा' असं नाव आलं तेव्हा मी हातातलं भांडं खाली ठेवून नुसती बघत राहिले. पुढे सवय झाली. सवय कसली, मी वाटच बघायला लागले. फोन उचलेपर्यंत तेवढा वेळ मला वडील होते. भावाचंही तसंच व्हायचं, तो म्हणाला, "मी जरा वाजू देतो." आईसाठी त्यानं मोठ्या बटणांचा नवा फोन आणून दिला होता. तो तिच्या फळीवर खोक्यातच पडून होता. हा वापर, असं तिला सांगायला आमची दोघांचीही जीभ रेटेना. तिला दादांच्या फोनचा आधार वाटत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

यंदा भावानं पुन्हा बटईचं काढलं. भावकीतलं माणूस होकार देऊन बसलेलं. आईनं मला सासरहून, अंबाजोगाईहून बोलावून घेतलं, आणि येताना घाटनांदूरच्या वायरमनला घेऊन ये म्हणाली. मला वाटलं, मोटर बिघडली.

आम्ही विहिरीवर गेलो तर तिच्या हातात तो नवा फोन होता, खोक्यातून काढलेला, चार्ज केलेला. हा नंबर डब्यात घाल, असं ती वायरमनला म्हणाली. त्यानं विचारलं, "मावशी, नुसता जोडायचा का मालक नंबरच बदलायचा?"

मी घाईनं म्हणाले, "नुसता जोडा. दादांचा राहू द्या."

"कावून?" आईनं विचारलं.

"तुला बरं वाटेल म्हणून."

"मला?" आई म्हणाली. "मी फोन लावला की खतवाला म्हनतो, बोला दादा. लाईटीचा डीपीवाला म्हनतो, बोला दादा. माजा आवाज ऐकला की म्हनतेत, मावशी, पोराकडं द्या फोन. आता रान बी दुसऱ्याला द्या म्हनतेत. पेरती मी, पानी मी देती, आन् मालक कोन, तर जे न्हाईत ते."

आईनं दादांना जन्मभर मालकच म्हटलं. आमच्याकडे नवऱ्याला असंच म्हणतात. त्यामुळे ती पुढे जे बोलली ते नंबराबद्दल होतं की माणसाबद्दल, हे वायरमनलाही कळेना आणि त्यानं मान खाली घातली.

"मालक गेले, बाई," ती मला म्हणाली. "तुमी दोघं जना कुटवर धरून बसनार? बदला."

नवा मालक नोंदवायचा तर जुन्या मालकाच्या फोनवरूनच मेसेज जावा लागतो. वायरमननं दादांच्या फोनवरून तो पाठवला. मग आईनं स्वतःच्या फोनवरून नंबर लावला, बाईचं सगळं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एक दाबला. मोटर घरघरली. पाइपाच्या तोंडातून आधी हवा आली, मग पाणी. आईनं फावडं उचललं आणि पाण्याची दारं धरायला निघाली. जाता जाता म्हणाली, "भावाला सांग, रान द्यायचं न्हाई."

मी निघताना तिनं दादांचा फोन माझ्या पिशवीत घातला. "घिऊन जा. तुमालाच लागतोय त्यो."

एसटीत बसल्यावर अनोळखी नंबरावरून फोन आला. कुणी ऑफरवालाच असेल म्हणून मी तो उचलणार नव्हते.

"मी बोलती," आई म्हणाली. "बसलीस का गाडीत?"

बसले म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर मी तो नंबर साठवायला घेतला आणि 'आई' असं लिहिलं. इतक्या वर्षांत माझ्या फोनमध्ये ते नाव नव्हतंच.