फिलोमिनाची पंधरा दिवसांची खेप

फिलोमिनाला माणसांची तोंडं लक्षात राहत नसत, नखं राहत. अमुक बाई कोण म्हणून विचारलं, तर ती नाव सांगायची नाही. “ती नाही का, दातानं नखं कुरतडणारी,” असं म्हणायची, आणि म्हणताना तिच्या ओठाचा एक कोपरा खाली जायचा. सगळ्या जगाबद्दलचं तिचं मत त्या कोपऱ्यात होतं. भिंगारच्या शेजारणी तिला फणकारी म्हणत. त्यांचंही खरं होतं, पण त्या शेजारणींची नखं फिलोमिनाने पाहिलेली होती.

बारा वर्षं ती नगरच्या कॅम्पात एका लष्करी साहेबाच्या बंगल्यावर आया होती. मेमसाब विलायत पाहून आलेली. मुलं शाळेत जायला लागली, आयाला काम उरलं नाही, तेव्हा मेमसाबने तिला आपल्या नखांना बसवलं. नखं घासून गोल कशी करायची, कडेची कातडी कोमट पाण्यात मऊ करून मागे कशी सारायची, आणि सगळ्यात अवघड म्हणजे तुटक्या नखाला कागद कसा चढवायचा. बुटांच्या खोक्यात येतो तसला पातळ कागद नखाच्या मापाने कातरायचा, बिनरंगी पॉलिशमध्ये भिजवून नखावर बसवायचा, टोक नखाखाली दुमडायचं, वरून पॉलिशचे हातावर हात द्यायचे आणि शेवटी रंग. तुटकं नख अख्खं दिसे, लांब दिसे, आणि ते कागदाचं आहे हे सांगूनही कुणाला पटत नसे. साहेबाची बदली झाली तेव्हा मेमसाबने तिला एक छोटी वाकडी कात्री, सहा बाटल्या आणि त्या ठेवायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला. नवरा कृपादान मेसमध्ये भांडी घाशी. तो म्हणाला, “नखं रंगवून कुनाचं पोट भरतंय व्हय?” फिलोमिनाने त्याच्या नखांकडे पाहिलं.

पोट भरत होतं. एक बुधवार सोडून एक बुधवार ती डबा काखेला मारून एस.टी.ने साखर कारखान्याच्या कॉलनीत जायची. चीफ केमिस्टची बायको, इंजिनिअरची बायको, डॉक्टरीणबाई, अशी सहा घरं. नियम एकच, आणि तो ती पहिल्याच दिवशी सांगायची. पंधरा दिवसांची खेप चुकवायची नाही. नख खालून वाढत राहतं, कागद पुढे सरकतो, मुळाशी फट पडते, फटीत पाणी शिरतं आणि मुरतं, मग आत हिरवं धरतं. वेळेवर जुना कागद सोडवून नवा चढवला तर नखाला काही होत नाही. महिना काढला तर नखाची माती. शिवाय काम झाल्यावर दोन तास पाण्यात हात घालायचा नाही, कारण पॉलिश आतपर्यंत वाळायला तेवढा वेळ लागतो. कॉलनीतल्या बायका ऐकत. त्याबद्दल फिलोमिनाला त्यांचं कौतुक होतं असं नाही. दोन तास हात न हलवता बसणं त्यांना रोजचंच होतं.

सातवं घर रंगुबाईचं. कॉलनीच्या बाहेर, सोनईच्या रस्त्याला, उसात उभा राहिलेला नवाकोरा बंगला. नवरा राधाकृष्णराव कारखान्याचा डायरेक्टर. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत रंगुबाई शेण थापत होती, कांदे खुरपत होती, आणि तिच्या दोन्ही अंगठ्यांची नखं त्यातच फुटून गेलेली. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण रंगुबाई लाजायची. चीफ केमिस्टच्या बायकोची गुलाबी नखं पाहिल्यापासून तिला आपले अंगठे पदराखाली ठेवायची सवय लागली होती. मग एक दिवस तिने फिलोमिनाला बोलावणं धाडलं.

बोलावणं धाडलं, पण घरात घेतलं नाही. फिलोमिनाच्या आजोबाने बाप्तिस्मा घेतला त्याला सत्तर वर्षं झाली होती, तरी रंगुबाईच्या सासूला, राहीबाईला, बाप्तिस्म्याच्या आधीची जात तोंडपाठ होती. फिलोमिनाने व्हरांड्यात पोत्यावर बसायचं. जिन्याखालच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असे, तो तिने स्वतः घ्यायचा, राहीबाईने वरून चहा ओतायचा, पिऊन झाला की धुऊन परत पालथा घालायचा. बंगल्याला गुळगुळीत रंगीत फरशी, दिवाणखान्यात रेडिओ, आणि व्हरांड्यात हा कप! फिलोमिनाला त्या कपाचा राग येत नसे. राग यायला समोरचं माणूस थोडं तरी मोठं वाटावं लागतं. ती चहा प्यायची आणि मग रंगुबाईचा हात आपल्या हातात घ्यायची, कारण नखं काही वरून ओतता येत नव्हती. रंगुबाई हात निमूट देई. एवढी तरी या बाईला अक्कल आहे, असं फिलोमिनाला वाटे.

पण रंगुबाईच्या नखांवर कागद टिकेना. कॉलनीत तोच कागद, तीच बाटली, तोच हात, आणि पंधरा दिवस नखं जशीच्या तशी. रंगुबाईची मात्र चौथ्या दिवशी कडेने सुटायची, आठव्या दिवशी पोपडे. त्यात बाई खेपा चुकवायची. श्रावणात म्हणाली, “आत्ता नको, उपास चाललेत.” मग पितृपंधरवडा आला. मग घट बसले, “घटात नखाला लोखंड लावीत न्हाईत आमच्यात.” पंधरा दिवसांची खेप महिन्यावर जाई, एकदा तर सहा आठवड्यांवर गेली, आणि सहा आठवड्यांनी हात पुढे करून ती विचारायची, “हे असं का गं झालं?”

फिलोमिनाने भिंगारला स्वतःच्या अंगठ्यावर कागद चढवून पाहिला. त्या अंगठ्याने धुणं धुतलं, भांडी घासली, भाकरी थापल्या. अकरा दिवस कागद हलला नाही. तेव्हा तिला पहिल्यांदा धास्ती वाटली. माणसं भिकार असतात हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण आपला हात भिकार आहे की काय, ही शंका तिला सहन होईना. दुसऱ्या कशाचा तिला गर्वही नव्हता.

रंगुबाई कॉलनीत बोलली. भिंगारवालीचा माल हलका आहे, नखं कुजतात. डायरेक्टरच्या बायकोचं बोलणं, दोन घरांनी लगेच दारं लावली. इंजिनिअरच्या बायकोने तर दार लावताना आपली सुंदर गुलाबी नखं कडीवर ठेवली होती. ती कुणी केली होती हे त्या दीडशहाणीला आठवलं नाही.

कोजागिरी झाली. गळिताचा हंगाम जवळ आला. हंगामाच्या आधी बॉयलर पेटवायची पूजा असते, त्या पूजेला एक डायरेक्टर सपत्नीक बसतो, आणि एकाहत्तर साली तो मान राधाकृष्णरावांना मिळाला. फोटोवाला नगरहून येणार होता. रंगुबाईने आदल्या दिवशी फिलोमिनाला बोलावून घेतलं आणि पोत्यासमोर पाटावर बसता बसता सांगितलं, “हे बघ, उद्या चारशे मानसांत मला हात जोडायचेत. निगुतीनं कर. उद्याच्याला सुटलं तर कॉलनीच्या गेटातून तुला आत सोडू नका म्हनून सांगायला लावीन मालकांस्नी.”

गेटवरचा वॉचमन राधाकृष्णरावांचा माणूस होता. म्हणजे गेट बंद झालं की उरलेली चार घरंही बंद, डबा बंद, आणि फिलोमिनाने पुन्हा कुणाच्या तरी पोराचं ढुंगण धुवायला जायचं. तिने जुने पोपडे सोडवले. डाव्या अंगठ्याचं नख आतून शेवाळलेलं निघालं. हिरवा भाग तिने खरवडून काढला, वाळवला, आणि तीन तास खपून दहाही नखांवर दुहेरी कागद चढवला. मेमसाबच्या हातालाही तिने एवढा जीव लावला नव्हता. “वहिनीसाहेब, दोन तास पानी नको,” ती म्हणाली, “तुमच्या पाया पडते.” पाया पडते म्हटल्याचा तिला पुढे कितीतरी दिवस संताप येत राहिला.

रस्त्यावर येऊन ती एस.टी.ची वाट पाहत उभी राहिली. एस.टी.ला नेहमीसारखाच उशीर होता. डबा चाचपून पाहिला तर वाकडी कात्री नाही. पोत्यावरच राहिली असणार म्हणून ती परत फिरली. जाऊन येऊन जेमतेम पाऊण तास झाला असेल.

व्हरांड्यात कुणी नव्हतं. कात्री पोत्यावर होती. बंगल्याच्या मागून पाण्याचा आवाज येत होता, म्हणून तिने कोपऱ्यावरून डोकावलं. रंगुबाई लुगड्यानिशी धोंड्यावर बसली होती. राहीबाई तांब्या तांब्या कढत पाणी तिच्या डोक्यावर ओतत होती, आणि रंगुबाई चुलीतल्या राखेने दोन्ही हात घासत होती. बोटं, बोटांची बेचकं, नखं. अगदी निगुतीने. दुहेरी कागद एकेरीएवढाही वाळला नव्हता, त्याचे गुलाबी तुकडे मोरीच्या पाण्यातून आळ्याकडे वाहत चालले होते.

राहीबाईने फिलोमिनाला पाहिलं. म्हातारीच्या पोटात काही राहत नसे, आणि यात लपवण्यासारखं काही आहे असंही तिला वाटत नव्हतं. “काय राह्यलं का गं तुजं?” ती म्हणाली. “तू गेलीस की दर खेपंला न्हाती बघ ही. त्याबिगर चुलीपाशी येऊ देत न्हाई मी. आन् दर पंदरवड्याला डोक्यावरनं कोन न्हातंय? म्हनून तर तुला नगं नगं म्हनती.”

फिलोमिनाला आधी हसू आलं. खेपा चुकल्या त्या विटाळापायी, आणि नखं सुटली ती विटाळ धुण्यापायी! श्रावण नाही, पितर नाहीत, घट नाहीत. आणि ती भिंगारला आपल्या हातावर संशय घेत बसली होती. मग हसू गेलं. तीन तास तिने जो हात हातात धरला होता, तो तिच्या डोळ्यांदेखत राखेने घासला जात होता, खरकटं भांडं घासावं तसा. तिला भडभडून आलं, आणि भडभडून आल्याची लाज वाटली. असल्या बाईसाठी डोळ्यांत पाणी काढणं म्हणजे पाण्याची नासाडी.

रंगुबाईने आपल्या बोटांकडे पाहिलं आणि ती रडायलाच लागली. “आता गं काय? उद्या पूजा हाय!”

“करते की परत,” फिलोमिना म्हणाली. “कागद हाय माझ्याकडं. पन आता तुमी न् मी दोघी व्हरांड्यातच बसायचं. दोन तास. मी उठले तरच तुमी उठायचं.”

रंगुबाईने सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, “बस. पन शिवलीस की घरात पाय न्हाई टाकायचा, न्हाईस्तवर.”

तास-दीड तासात नखं पुन्हा झाली. मग डायरेक्टरची बायको ओल्या केसांनी, दहा बोटं पसरून, आपल्याच बंगल्याच्या व्हरांड्यात फिलोमिनाशेजारी बसली. ऊन कललं. रस्त्याने जाणारे गडी वाकून बघत. केस ओले, अंगाला वारा झोंबत होता, तिला हुडहुडी भरली. तिने चहा मागितला. राहीबाई चहाचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि नुसतीच उभी राहिली.

“कप कुठंय, आत्याबाई?” रंगुबाईने विचारलं.

“घरातला कप भाईर न्हाई यायचा. तुला शिवलंय.” म्हातारीने कोनाड्याकडे हनुवटी केली. “त्यो घे.”

रंगुबाई त्या कपाकडे बघत राहिली. मग तिने तोंड फिरवलं. फिलोमिनाने उठून कप घेतला, तोंडभर वाफ घेत सगळा चहा सावकाश प्यायला, कप धुतला आणि पालथा घातला. तिला रंगुबाईची कणवही आली नाही आणि आनंदही झाला नाही. नख पिकलं की ठणकतं, त्यावर नखं रंगवणारीकडे काय इलाज, एवढंच तिच्या मनात आलं.

पूजा झाली. फोटोत रंगुबाईचे जोडलेले हात एवढे छान आले की राधाकृष्णरावांनी तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला. भिंगारवालीचा हात चांगला आहे, असं रंगुबाई आता कॉलनीभर सांगू लागली. बंद झालेली दोन्ही घरं उघडली. चूक कुणाची होती ते रंगुबाईने कुणालाच सांगितलं नाही, आणि फिलोमिनाला तिच्याकडून तेवढ्या प्रामाणिकपणाची अपेक्षाही नव्हती.

बरोबर पंधराव्या दिवशी फिलोमिना बंगल्यावर गेली. तिला वाटलं होतं, बाई काहीतरी सबब सांगेल. रंगुबाई व्हरांड्यात आधीच बसलेली होती, पाटावर नव्हे, पोत्यावर, अर्ध्या पोत्यावर. नखं झाली. दोन तास काढायचे म्हणून दोघी बसल्या. राहीबाईने आतून चहा झाल्याची हाक दिली.

फिलोमिना उठून जिन्याखाली गेली आणि कप घ्यायला वाकली. कोनाड्यात कान तुटलेले दोन कप पालथे घातलेले होते.