सोसवतंय की

"पंखा लावू का?" असं कुणी विचारलं की आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका उजवा तळहात ट्रॅफिक पोलिसासारखा वर करायचे आणि म्हणायचे, "सोसवतंय की." मे महिन्यातली दुपार असो, सदरा पाठीला चिकटलेला असो, उत्तर तेच. विचारणाऱ्यालाच आपण काहीतरी चैनीचं बोललो असं वाटून जायचं.

सहनशक्ती तालमीने वाढते, असं त्यांचं ठाम मत होतं. लोक जोर-बैठका काढतात, काका गैरसोयी शोधून काढायचे. मखमलाबाद रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगला ते नेमकी डगमगणारी खुर्ची निवडत. दंडावर डास बसला तर हाकलत नसत. "पोट भरलं की जाईल," म्हणत. रविवारी आम्ही सगळे मिळून मिसळ खायला गेलो की काळ्या रश्श्यावर ते पाण्याचा घोटही घेत नसत. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, आणि चेहरा मात्र कीर्तनाला बसल्यासारखा.

एकदा सकाळी गंगाघाटावर ते लंगडताना दिसले. मी लगेच हाडांच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. काकांनी बूट काढून उलटा केला, त्यातून पडलेला हरभऱ्याएवढा खडा हातावर घेऊन मला दाखवला आणि परत आत टाकला. "सराव आहे," म्हणाले.

पण खरी तालीम पहाटेची. गार पाण्याचा पहिला तांब्या डोक्यावर पडला की काका "हर हर गंगे" अशी आरोळी ठोकत, आणि ती बाथरूमच्या डक्टमधून साऱ्या बिल्डिंगभर जाई. आमच्या घरी गजर लावायची पद्धतच नव्हती. त्यांच्या मुलाने पुण्याहून गिझर पाठवला होता, तो खोक्यातच राहिला. त्या खोक्यावर बसून काका बूट घालायचे.

या तालमीत काकूंचं काय होत असेल, हे मलाही बरेच दिवस सुचलं नाही. त्यांचे सांधे धरत, गरम पाण्याशिवाय त्यांचं भागत नसे. "तुला हवं तर तापव, मी कुठे नको म्हणतो?" असं काका मोठ्या मनाने सांगत. म्हणून काकू रोज गॅसवर पातेलं तापवून स्वयंपाकघरातून बाथरूमपर्यंत नेत. एका पावसाळ्यात काका फिरायला गेलेले असताना ते पातेलं कलंडलं आणि काकूंचा हात कोपरापर्यंत भाजला. मलम मीच लावलं. काकू ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत.

"ते सोसतात ते अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातं गं," एवढंच म्हणाल्या. मग हाताचं काकांना सांगायचं नाही, अशी शपथ मला घातली, आणि काका परतायच्या आत पिशवी भरून सायखेड्याला भावाकडे निघून गेल्या.

काकांना वाटलं, दोन दिवसांत येतील. आठवडे गेले. फोन केला की काकू नुसतं "बघू" म्हणायच्या. आपलं काय चुकलं ते काकांना कळेना आणि विचारायचा धीर होईना. मी चौकशी केली की तळहात वर जाई, पण पुढचे शब्द तोंडातच राहत. पहाटेची आरोळीही इतकी खाली आली की आमच्या मुलाची शाळेची बस चुकली.

तेवढ्यात अधिक महिना लागला. हा धोंड्याचा महिना, जावयाला बोलावून गोडधोड खाऊ घालायचा, आणि जावई सत्तरीचा झाला तरी जावईच. मेहुण्याचं आमंत्रण आलं. मागोमाग मला काकूंचा फोन आला. काकांनी तिथे कशालाही नको म्हणायचं नाही, ही त्यांची अट होती. एवढं जमलं तरच त्या परत येणार होत्या. शिवाय काकांना आमच्या गाडीतून आणायचं होतं, कारण एसटीने निघाले तर जागा असूनही ते उभे राहिले असते.

मेहुण्याने त्यांना मऊ सोफ्यावर बसवलं. काका कडेला टेकले होते, त्यांना मागे रेटून पाठीशी उशा दिल्या आणि कूलर त्यांच्याकडे वळवला. मग पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे, अनारसे आणि वर तुपाची धार.

"दाजी, अजून एक घ्या," मेहुण्याची बायको म्हणाली. "नाय म्हनू नका, ताईंनी बजावलंय."

काकांचा तळहात सवयीने वर गेला. नजर काकूंकडे गेली आणि हात हळूच खाली आला. मिसळीपुढे न डगमगलेला माणूस कूलरसमोर बसून धोंड्यांनी घामाघूम झाला. इतकं सोसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

जेवणानंतर हातावर पाणी घालायला काकूच उठल्या. पाणी कोमट होतं. तांब्या कलता करताना त्यांचा पदर सरकला आणि हातावरचा भाजल्याचा लांबलचक डाग दिसला.

"हे कधी झालं? मला सांगितलं नाहीस," काका म्हणाले.

"सोसवलं की," काकू म्हणाल्या.

पाणी संपलं तरी काका ओंजळ धरून उभे होते. निघताना ओसरीवर त्यांनी बूट उलटा करून झटकला. खडा टपकन पडला, दाणा समजून कोंबड्या धावल्या आणि टोचून पाहून परत फिरल्या. काकू आमच्याबरोबर गाडीत बसल्या.

त्याच आठवड्यात गिझर लागला. काकांनी स्वतः मात्र गार पाणी सोडलं नाही, आणि आमचा मुलगा पुन्हा वेळेवर शाळेत जाऊ लागला.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले, झोपेतच, कुणाला काही सोसायला न लावता. मला त्यांची फार आठवण येते. आता आमच्याकडे गजर लावतात.

परवा चांगलीच थंडी पडली होती. गजर व्हायच्या आधी डक्टमधून "हर हर गंगे" ऐकू आलं. आवाज बारीक होता आणि जरा कापरा. मी अंथरुणात उठून बसले. मग दूध घ्यायला दार उघडलं तर समोर काकू, केसांना टॉवेल गुंडाळलेला. गिझर बिघडला का, ह्यांना बघायला पाठवू का, असं मी विचारलं.

"छे गं, पाणी चांगलं कढत होतं," काकू म्हणाल्या. "ती आरोळी नसली की सोसवत नाही."