तासभराचं चार्जिंग

गाडी चालू करून हेडलाईट लावला की भाऊ आपला तळहात त्या उजेडासमोर धरायचे, थंडीत शेकोटीपुढं धरावा तसा. हात थोडा मागं न्यायचे, थोडा पुढं आणायचे, रेस वाढवायचे, कमी करायचे आणि मग आपल्याकडे न बघताच म्हणायचे, "बसा जी. आत्ता भरून राह्यली."

भरून राह्यली म्हणजे बॅटरी. आणि बसा म्हणजे तासभर बसा.

तुमच्यापैकी कुणी आलापल्लीहून सिरोंच्याच्या रस्त्यानं मोटारसायकलवर गेलं असेल आणि गाडीच्या चार्जिंगनं वाटेत दगा दिला असेल, तर ते दुकान तुम्ही पाहिलं असणार. वर टिनाचं छप्पर, तीन बाजूंनी बांबूचा तट्टा आणि पुढं बसायला सागाचा एक ओंडका. पाटी नव्हती. भाऊ इंजिनाला हात लावत नसत, पंक्चर काढत नसत, ब्रेकचं नाव काढलं तर दुसऱ्या मेकॅनिकच्या दिशेनं बोट दाखवत. ते फक्त चार्जिंग बघायचे. जळालेली कॉइल हातानं पुन्हा भरून द्यायचे, म्हणून सगळे त्यांना कॉइलवाले भाऊ म्हणत. खरं नाव मला फार उशिरा कळलं, आणि त्या नावानं त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

मी पशुधन पर्यवेक्षक. गावोगाव हिंडून गुरांना लसी टोचायच्या, हे माझं काम. भाऊंची पहिली भेट झाली तेव्हा मी गाडी ढकलत आलो होतो, मागं बर्फात ठेवलेल्या लसींचा डबा बांधलेला, आणि डोकं तापलेलं. स्वभावानं मी तापटच आहे, त्यात एप्रिलचं ऊन. भाऊंनी इंजिनाचं बाजूचं कव्हर खोललं, आत नाक घातलं आणि म्हणाले, "कॉइल जळली. उद्या भेटन."

मी भडकलो. उद्यापर्यंत बर्फ राहणार नाही, लस वाया जाईल, त्याला जबाबदार कोण, असं बरंच बोललो. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग डबा उचलून समोरच्या चहाच्या टपरीवर नेला. "बाई, थंड्याच्या बाटल्या काढ अन् ह्या दवाया ठेव तुझ्या फ्रिजात. ढोरायच्या हायेत." एवढं बोलून ते परत आले आणि पक्कड घेऊन बसले.

कॉइल भरताना ते तारेचे वेढे मोजत. ओठ तेवढे हलायचे. मला काय माहीत! मी मध्येच विचारलं, "भाऊ, तुम्ही मूळचे कुठले?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भरलेली सगळी तार शांतपणे उलगडली आणि पहिल्या वेढ्यापासून सुरुवात केली. उत्तर मात्र दिलं, पण तासाभरानं, कॉइल वार्निश लावून उन्हात ठेवल्यावर. "ब्रह्मपुरीकडला हावो जी. इथी लाकडं चिराच्या आरा मशीनवर आलो होतो. मशीन बंद झाली, मी राह्यलो."

संध्याकाळच्या आत गाडी चालू झाली. आता निघावं म्हटलं, तर तळहात उजेडापुढं. "बसा जी."

त्या तासाला मी मनातून फार शिव्या घातल्या. जागेवर उभ्या गाडीत पेट्रोल जळतंय, आणि हा माणूस विचारतोय, कोणत्या गावाची गाय आटली, कोणाच्या बैलाला खुरी झाली, अमक्याच्या पोरीचं लग्न जुळलं का. मधे दोन चहा आले. येणाऱ्या प्रत्येकाला भाऊ असेच बसवायचे, त्यामुळं आसपासच्या पंचवीस गावांच्या खबरी त्यांच्याकडे असायच्या. त्यांची खबर मात्र कुणी विचारत नसे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी वरोऱ्याला दिलेली, एवढं मला कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं. "फोन करते ना जी पोरगी, आयतवारी," एवढं सांगून ते पुन्हा बैलांवर यायचे.

आता माझा मूर्खपणा सांगतो. दुसऱ्याला सुधारायची मला खोड आहे. चंद्रपूरला बैठकीला गेलो होतो, तिथं एका दुकानात बॅटरी तपासायचा मीटर दिसला. म्हटलं, या बिचाऱ्या माणसाला तळहातावर उजेड मोजावा लागतो, एवढी कला हातात आणि साधन नाही! घेतला. आणि नुसता दिला नाही. चार गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोर लाल वायर इकडे, काळी तिकडे लावून मीच प्रात्यक्षिक केलं. "हे बघा, चौदाच्या वर आकडा गेला की चार्जिंग व्यवस्थित. एक मिनिटाचं काम. तासभर बसायची गरजच काय!"

चौघांनी वाकून आकडा पाहिला. त्यातला एक तर तिथूनच गाडीवर टांग मारून गेला. भाऊ म्हणाले, "चांगला हाय जी." फडक्यानं पुसून त्यांनी मीटर खिळ्याला अडकवला. मी त्या दिवशी मोठ्या समाधानानं घरी गेलो.

पावसाळा सरल्यावर पुन्हा त्या बाजूला जाणं झालं. चहाच्या टपरीवर थांबलो, तर बाईंनी चहा देता देता मला झापलं.

"साहेब, तुमी त्याची बैठक मोडली."

"मी काय केलं?"

"मीटर काऊन आणला? त्याच्यापाशी होता ना. पेटीत ठेवून हाय, आरा मशीनवर होता तवापासून. त्याले का समजत नसन?" त्यांनी दुकानाकडे मान वळवली. "आता जो येते थो म्हणते, भाऊ, मीटर लावा. आकडा पाह्यला का गेला. पयले दिवसाचे दहा चहा न्याचा. आता एक नेते, थोही थंडा होते."

मी पलीकडे पाहिलं. भाऊ ओंडक्यावर बसले होते, रस्त्याकडे तोंड करून. शेजारची जागा रिकामी होती.

मला लाज वाटली. आणि खरं सांगतो, थोडा रागही आला. सरळ सांगायला काय झालं होतं? पण मग वाटलं, सांगणार तरी काय? माझ्यापाशी बसत जा, असं एक पुरुष माणूस चारचौघांत कसं म्हणेल? मी तरी म्हटलं असतं का? माझंही बिऱ्हाड अमरावतीला होतं, इथं भाड्याच्या खोलीत मी एकटाच आमटी-भात शिजवून खात होतो, आणि हे मी ऑफिसात कुणाला कधी बोललो नव्हतो.

त्याच दिवशी जाऊन भाऊंच्या शेजारी बसलो. ते लगेच उठले. "काय झालं गाडीले?"

"काही नाही."

"मंग?"

ते पाने आवरायला लागले, मी घड्याळ पाहायला लागलो. दहा मिनिटांत दोघंही अवघडून गेलो आणि मी निघालो.

पुढच्या आठवड्यात मी एक उद्योग केला. कॉइलकडून येणारी वायर जिथं जोडलेली असते, तिथला कपलर मीच ओढून काढला. दोन दिवस तशीच गाडी चालवली. हॉर्न बसला, इंडिकेटर मिचमिचायला लागला, तसा भाऊंपुढं जाऊन उभा राहिलो. "भाऊ, चार्जिंग येत नाही."

त्यांनी बाजूचं कव्हर काढलं. आत सगळीकडे धुळीचा थर, आणि कपलरवर तेवढे माझ्या बोटांचे दोन स्वच्छ ठसे. त्यांना दिसले नसतील असं मला वाटत नाही. पण त्यांनी कपलरला हातच लावला नाही. मॅग्नेट खोललं, कॉइल पुसली, एकेक वायर बोटांनी चाचपली, सगळं पुन्हा बसवलं आणि सरतेशेवटी कपलर दाबला. टक. गाडी चालू केली. मीटरकडे ढुंकूनही न बघता तळहात उजेडापुढं धरला.

"बसा जी."

दोन चहा आले. त्या दिवशी मीही बोललो. भाऊंनी विचारलं, "जेवन कोन करते तुमचं?" आणि मी आमटी-भातापासून सुरुवात करून कुठल्या कुठं पोचलो. तास कधी झाला ते कळलं नाही.

असं मी चारदा केलं. चौथ्या वेळी भाऊंनी कव्हर काढलं आणि थेट कपलरच हातात घेतला. अंगठ्यानं त्याची खिट्टी दाबून पाहिली. "साहेब, हे नाजूक राह्यते जी. घडीघडी काढलं त ढिलं पडते. एखाद दिवशी जंगलात खरंच बंद पडन गाडी." मग ते खिट्टीकडेच बघत म्हणाले, "तसेच येत जा ना."

"येतो ना," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

आणि गेलो नाही. आधी लसीकरणाची मोहीम आली, मग माझी बदली नागभीडला झाली. मधे एकदा खात्याच्या जीपमधून त्या रस्त्यानं गेलो. भाऊ दुकानापुढं उभे होते. मी काचेतून हात केला, पण बिनगाडीचा मी त्यांना ओळखू आलो नसावा. ड्रायव्हरला थांब म्हणता आलं असतं. सवड नव्हती असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. सवड होती. थांबून काय सांगायचं, एवढाच प्रश्न होता.

मग एक दिवस चहावाल्या बाईंचा फोन आला. भाऊ गेले. सकाळी दुकान उघडलं नाही म्हणून त्याच बघायला गेल्या होत्या.

तीन बस बदलून मी पोचलो, तोवर सगळं उरकून गेलं होतं. दुकानापुढं दुरुस्तीला आलेल्या पाच-सहा गाड्या ओळीनं लावल्या होत्या आणि वरोऱ्याहून आलेली मुलगी ज्याची त्याला परत करत होती. डोळे सुजलेले, पदर खोचलेला. माझी पाळी आली तशी तिनं विचारलं, "तुमची कोनती जी?"

"माझी गाडी नाही यात."

"काही सामान ठेवलं होतं का बाबापाशी?"

"नाही."

आता तिनं मला नीट पाहिलं. "मंग काऊन आले जी, एवढ्या दुरून?"

"तसाच आलो," मी म्हणालो.

तिला काय कळलं कोण जाणे. आत जाऊन तिनं एक स्टूल आणलं, पदरानं पुसून माझ्यासमोर ठेवलं आणि पुढच्या माणसाकडे वळली. मी बसलो. एकेक जण आपली गाडी ढकलत नेत होता. शेवटची गाडी गेल्यावर ती दुकानाला पुढून तट्टा लावायला लागली, तरी मी बसूनच होतो.