डोंगराकडचं दार

माझ्या पायांना कधीच थारा नव्हता. पनवेलच्या शाळेत नववीला असताना मधल्या सुट्टीनंतर भूगोलाचा तास असायचा. सर फळ्यावर समोच्च रेषा काढायचे आणि मी बाकाखाली चपला काढ-घाल करत बसायची. भूगोल आवडत नव्हता असं नाही. बसल्या जागेवरून उठून कुठंतरी जाता येईल असा तोच एक विषय होता. पण ‘नीट बस’ हेही मी त्याच तासाला सगळ्यात जास्त ऐकलं.

दिवाळीच्या सुट्टीसाठी सरांनी गृहपाठ दिला. आपल्या घराच्या परिसराचा नकाशा काढायचा, पावलांनी अंतर मोजून. शीर्षक, सूची, प्रमाण, दिशा, चारही हवंच. मोबाइलमध्ये बघून काढाल तर मला कळेल, असंही बजावलं. मला आणखी काय हवं होतं? हिंडायची परवानगी, तीही शाळेची.

आमचं गाव उठून तेव्हा दोन वर्षं झाली होती. ते विमानतळाच्या जमिनीत गेलं आणि आम्हाला पनवेलच्या अंगाला प्लॉट मिळाला. गावामागचा डोंगरही सुरुंग लावून सपाट केला. नवं घर स्लॅबचं झालं, बोलणं मात्र जुनंच राहिलं. जुन्या घराचं मागचं दार डोंगराकडं उघडायचं, म्हणून इथलंही मागचं दार ‘डोंगराकडचं’. “बाय, डोंगराकडचा दार लाव, मच्छर येतील,” असं आई रोज म्हणायची, आणि त्या दाराबाहेर सात मजली इमारतीची भिंत होती. गल्लीत कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण सगळ्यांच्याच घरी एकेक डोंगराकडचं दार होतं.

दिवेलागणीला आई त्याच दारात उभी राहून हात जोडायची. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. तो अकरा दिवस जगला. बारशाच्या आदल्या दिवशी गेला, म्हणून त्याला नावही नाही. तान्ह्या बाळाला जाळत नाहीत. त्याला डोंगराच्या पायथ्याशी, करवंदीच्या जाळीखाली पुरलं होतं. घरात त्याच्याविषयी कुणी बोलत नसे. आई दिवा लावायची, मागच्या दारात येऊन भिंतीकडं बघत हात जोडायची आणि भाकऱ्या थापायला बसायची.

मी नकाशा मन लावून काढला. देऊळ, पाण्याची टाकी, रिक्षा स्टँड, सगळ्यांच्या खुणा सूचीत लिहिल्या. मागच्या दारापलीकडं, कागदाच्या डाव्या कडेला, तुटक रेषांनी डोंगर काढला आणि ‘पूर्वीचा डोंगर’ असं लिहिलं. डोंगर गावाच्या पश्चिमेला होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यावरून दिशेचा बाण काढून मोकळी झाले.

सुट्टीनंतर सरांनी नकाशा बघितला आणि हसले. “या रस्त्यानं शाळेला निघालीस तर खाडीत जाशील. सकाळचं ऊन कुठल्या दारातून येतं तुमच्याकडे?”

चारी बाजूंनी इमारती. ऊन आमच्याकडं डोक्यावर आल्यावरच यायचं. सरांनी बाणाभोवती लाल गोल केला आणि लिहिलं, ‘दिशा चुकली. पुन्हा काढ.’ वर्ग हसला. मी इतकी चिडले की घरापर्यंत पाय आपटत गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मागच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर जाऊन उभी राहिले. सूर्य वर आला तो प्रबळगडाच्या मागून, आणि बरोबर आमच्या मागच्या दाराच्या बाजूला. डोंगर दिसत होता, पण आमचा नव्हता. आमचा होता तो पुढच्या दाराकडं, जिथं आता विमानतळाचे दिवे होते.

नकाशा चुकल्याचं काही नाही, खोडरबर होतं. पण आई दोन वर्षं रोज उलट्या बाजूला हात जोडत होती. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, या वेळी तो दोन दिवस भिजत पडला. घरात येरझाऱ्या घालत होते, पुस्तक उघडून मिटत होते. सांगावं तरी वाईट, न सांगावं तर रोज संध्याकाळी ते बघायचं.

तिसऱ्या संध्याकाळी तिनं हात जोडले आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं. “आये, डोंगर तिकडं नाय. पुढल्या दाराकडं होता.”

“कोनी सांगला?”

“सरांनी. मी गच्चीवरून बघितला पन.”

आई दिवा घेऊन पुढच्या दारात गेली. तिथं स्कूटरी लावलेल्या, पोरांचं क्रिकेट चाललेलं. समोरच्या काकींनी विचारलं, “कोनाची वाट बघतेस गो?” आई खाली वाकली, दारातल्या चपला सारख्या केल्या आणि आत आली. त्या दिवशी तिची पहिली भाकरी करपली. मला स्वतःचा भयंकर राग आला. शहाणपणा करून मी तिच्याजवळ उरलेली तेवढी एक गोष्टही काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नवा नकाशा काढत बसले होते. आई शेजारी येऊन बसली. तिला वाचता येत नाही. तिनं लाल गोलवाला जुना कागद ओढून घेतला.

“यात आपला मागचा दार कुठं हाय?”

मी दाखवलं.

“आन डोंगर?”

मी तुटक रेषांवर बोट ठेवलं. तिनं दारापासून डोंगरापर्यंत आपलं बोट सरळ नेलं. वाटेत भिंत नव्हती, इमारत नव्हती.

“यात बराबर हाय की,” ती म्हणाली. “सरांना दुसरा दे. यो मना दे.”

मी तो कागद चिकटपट्टीनं मागच्या दारावर लावला. सरांना बरोबर दिशेचा नकाशा दिला आणि त्यांनी शाबासकीही दिली. घरी आईनं संध्याकाळी दारावरच्या नकाशात डोंगराच्या पायथ्याशी हळदीचं बोट टेकवलं आणि हात जोडले.

नकाशातली प्रत्येक खूण सूचीत हवी, हा सरांचा पहिला नियम. हळद सुकल्यावर मी सूचीच्या तळाशी तसाच एक पिवळा ठिपका काढला, आणि त्याच्यापुढं काय लिहू म्हणून आईला विचारलं.

तिनं ठिपक्यापुढच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “जागा सोड.”