राहिलेले दोन सोमवार

मला मानेसरच्या कारखान्यात नोकरी लागावी म्हणून आईने नवस केला होता, पण फेडायचा होता मी. श्रावणातले चारही सोमवार उपवास. मी सांगलीकडचा, बावीस वर्षांचा, गुडगावात एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहायचो. महिनाभरात कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरखेरीज माझ्याशी कुणी धड बोललं नव्हतं.

मग एका सोमवारी घरमालकीण आंटींनी विचारलं, सावन लागला, व्रत करणार ना? मी मोडक्या हिंदीत सांगितलं की आमचा श्रावण अजून पंधरा दिवसांनी लागेल, तुमचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आमचा अमावास्येनंतर. आंटी कठडा धरून हसल्या. "बेटा, भोलेनाथ तेरे लिए दोबारा थोडे ही आएंगे."

म्हणून मी भर आषाढात उपवासाला बसलो. उपवास म्हणजे मखान्यांची खीर, कुट्टू नावाच्या उपवासाच्या पिठाच्या पुऱ्या आणि तुपात परतलेले बटाटे. दुसऱ्या सोमवारी घरमालक अंकल मला त्यांचे तेच ते विनोद ऐकवू लागले. तिसऱ्या सोमवारी मी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावलो. या शहरात कुणीतरी माझी वाट बघत होतं. बसच्या खिडकीतून अर्धवट उभ्या इमारतींकडे आणि क्रेनांकडे बघत मी वेड्यासारखा हसायचो. पट्टा एक भोक सैल करावा लागला, तोही उपवासाच्या महिन्यात.

राखीला त्यांचा सावन संपला. चार सोमवार झाले होते, पण त्यातले दोनच माझ्या श्रावणातले. माझे दोन अजून बाकी होते. आणि नेमक्या पुढच्याच सोमवारी, महिनाभर तळमळलेले अंकल तंदुरी चिकन घेऊन आले. तोवर माझं ताट स्वयंपाकघरातल्या स्टुलावर असायचं. त्या दिवशी मला घरच्यांच्या टेबलावर बसवलं. आंटींनी तंगडी वाढली. "ले बेटा, अब तो सावन निकल गया."

एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. पण माझ्या पंचांगाने एकदा मला वेगळं पाडलं होतं. पुन्हा बोललो तर परत गच्चीवर एकटा, असं वाटलं. मी खाल्लं. खोटं कशाला सांगू, दुसरा तुकडा मागून घेतला आणि लाल बोटं चाटत अंकलच्या विनोदावर ठसका लागेपर्यंत हसलो. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच.

एसटीडी बूथवरून फोन केला तेव्हा आईने विचारलं, चारही झाले ना रे? झाले, म्हणालो. आकडा खरा होता. तिने समाधानाने उद्यापन केलं, मेहूण जेवू घातलं.

वीसेक वर्षं हे मनात सलत राहिलं. आई आजारातून उठली तेव्हा एकदा तिच्याजवळ बसून सगळं सांगून टाकलं.

"त्यांनी स्वतः वाढलं?"

"हो."

"टेबलावर बसवून?"

"हो."

"मग नाही कसं म्हणणार होतास," ती म्हणाली. मला हुंदका आला, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "पण राहिलेले दोन सोमवार कर हो. देवाचं आहे ते."

पुढच्या श्रावणात केले, आमच्या श्रावणात. दोन्ही सोमवारी संध्याकाळी सातला तिचा फोन आला. काय खाल्लंस ते एकेक पदार्थ सांग, म्हणाली.