बाबांचा धूसर चेहरा

मंडळी, आज दुपारी मुलुंडमध्ये एका व्हिडिओ एडिटरकडे गेले होते. गेल्या महिन्यात बाबा गेले. हॉस्पिटलमधून त्यांनी केलेला शेवटचा व्हिडिओ कॉल मी स्क्रीन रेकॉर्ड केला होता, पण चेहरा पार धूसर आलाय.

"ताई, रेकॉर्डिंगचं सेटिंगच सगळ्यात कमी होतं. जे टिपलंच नाही, ते आणू कुठून?" एडिटर म्हणाला.

फोनमधली जागा वाचवायला मीच ते कमी केलं होतं.

मी हट्ट धरला, म्हणून त्याने एआय वापरून चेहरा स्पष्ट करून दिला. घरी आईला दाखवला. तिने फोन जवळ धरून पाहिला. मग म्हणाली, "कोण गं हे? हे तुझे बाबा नाहीत."

तो एआयचा व्हिडिओ मी डिलीट केला.

तुमच्या फोनचं सेटिंग आजच बघाल का? मला वाटलं होतं, बाबा घरी येतीलच.